डच्चीची वही: आमच्या घराला ग्रेट डेनचा लळा कसा लागला

आमच्या घरात १९८७ पासून आजवर पाच ग्रेट डेन झाले. एक गेला की एक-दोन, कधी तीन वर्षं जातात, मग पुन्हा दारात तो अवाढव्य देह दिसतो. एवढी मोठी कुत्री कशाला पाळता, हे मला नातेवाइकांपासून गॅस सिलिंडर आणणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी विचारलंय, आणि दर वेळी दोन वाक्यं बोलून मी वेळ मारून नेलीय. खरं उत्तर लांबलचक आहे. ते एका कुत्रीचं, पावणेतीन वर्षांचं प्रकरण आहे आणि त्याची लेखी नोंद आहे, म्हणून ते नीट मांडता येतं.

नोंद माझ्या आजोबांची. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. हायस्कुलात तीस वर्षं गणित शिकवून ते निवृत्त झाले होते आणि कुठलीही गोष्ट आकड्यात लिहून ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. दुधाचा हिशेब, पावसाचा हिशेब, माझ्या उंचीच्या खुणा. दोनशे पानी एका वहीत त्यांनी डचेसचं सगळं लिहिलं: वजन, खाणं, औषधं, तारखा, वेळा. ती वही समोर ठेवूनच हे लिहितेय.

कुत्री आली कशी

आमचं घर मिरजेत, सतारी-तंबोरे बनवणाऱ्यांच्या शेजाराला. मिरज जंक्शनवर त्या काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही प्रकारचे रूळ होते. गावात रेल्वेची माणसं भरपूर, आणि त्यांच्या बदल्याही तेवढ्याच. त्यांतल्याच एका साहेबांची दोन मुलं अण्णांकडे गणिताला यायची. जून १९८७ मध्ये साहेबांची बदली थेट आसामात झाली. त्यांच्याकडे चार वर्षांची एक ग्रेट डेन होती. एवढ्या लांब, एवढ्या उकाड्यात तिला गाडीनं न्यायचं कसं, हा प्रश्न होता. "मास्तर, दोन महिने सांभाळा. तिकडं क्वार्टर मिळालं की घेऊन जातो," असं ते म्हणाले. अण्णांना कुत्र्यांचं प्रेम वगैरे काही नव्हतं. समोरच्यानं टाकलेला शब्द खाली पडू द्यायचा नाही, एवढंच त्यांना ठाऊक.

रविवारी सकाळी जीप आली. शिपायानं मागचं दार उघडलं आणि आधी दोन पाय खाली आले, मग बाकीची कुत्री. अंगाचा रंग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा, तोंडावर काजळ फासल्यागत काळं. गल्लीतली पोरं ओरडली, "आयला, वासरू हाय की!" आजीनं सोप्यातून पाहिलं आणि नुसतं म्हणाली, "अगं बाई." साहेबांनी नाव डचेस ठेवलं होतं. आजीच्या तोंडी ते बसेना, तिनं त्याच दिवशी डच्ची करून टाकलं.

मी अकरा वर्षांची होते आणि मला कुत्र्यांची भयंकर भीती वाटायची. त्याला कारण होतं. सातव्या वर्षी गल्लीतलं एक लहानसं, तांबडं कुत्रं मला पोटरीला चावलं होतं. त्या काळी सरकारी दवाखान्यात रेबीजवर जी लस मिळायची ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली असायची, आणि बेंबीभोवती रोज एक अशी चौदा इंजेक्शनं घ्यावी लागायची. ज्यांनी ती घेतलीत त्यांना सांगायला नको. आईनं हात धरायचे, काकानं पाय धरायचे. ती लस देशातून जायला पुढची वीस वर्षं लागली. तर पोटरीएवढ्या कुत्र्यानं चौदा सुया दिल्या, हे किती देईल, असा माझा सरळ हिशेब होता. जीप गेली तशी मी माळ्यावर जाऊन बसले, जेवायलाही उतरले नाही.

वहीचं पहिलं पान त्याच संध्याकाळचं. अण्णांनी लाकडी फूटपट्टीनं तिची खांद्यापाशी उंची मोजली: ३० इंच. स्वयंपाकघराच्या चौकटीवर जिथं माझ्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा होत्या, तिथंच शेजारी तिची खूण केली आणि 'डचेस, जून ८७' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर तिला उभं केलं: ५२ किलो. माझं वजन त्या वर्षी २८ होतं, तेही खाली लिहिलंय. वखारवाल्यानं वजन केल्याचे पैसे घेतले नाहीत म्हणे. बघायला माणसं जमली होती तेच त्याला पुष्कळ झालं.

खायला कोण घालणार

साहेबांनी इंग्रजीत एक कागद दिला होता. त्यात लिहिलं होतं: दिवसातून एकदाच, संध्याकाळी, पोटभर. शिजवलेलं धान्य आणि मांस. आमचं घर शाकाहारी. आजी म्हणाली, माझ्या चुलीवर हे शिजणार नाही. मग परसात तीन विटांची वेगळी चूल झाली, जुनं जर्मनचं पातेलं आलं, आणि शेजारच्या चाचांनी ओळखीच्या खाटकाकडून एक दिवसाआड वजडी आणून द्यायचं कबूल केलं. चाचा तंबोरे बनवायचे. त्यांच्या ओसरीवर पंढरपूरकडून आलेले सुकवलेले भोपळे ओळीनं टांगलेले असत. मी शाळेतून येताना रोज त्यांतल्या एखाद्यावर टिचकी मारायचे आणि ते रागवायचे नाहीत.

आता प्रश्न शिजवून घालायचं कुणी. काका नोकरीला सांगलीत. आई शाळेत शिक्षिका, घरी यायला सहा. आजी विटांच्या चुलीच्या पलीकडे पाऊल टाकणार नाही. अण्णा म्हणाले, "ही शिजवेल." ही म्हणजे मी. त्यांना माझी भीती माहीत होती. त्यांनी ती घालवायला म्हणून हे केलं की खरंच दुसरं माणूस नव्हतं, हे मी त्यांना पुढं मोठेपणीही विचारलं नाही.

पहिले तीन आठवडे मी घमेलं जमिनीवर ठेवून लांब काठीनं तिच्याकडे ढकलत असे. ज्वारीच्या कण्या, वजडी, थोडं मीठ. ती बसलेली असायची. मी काठीनं घमेलं ढकलायचे, मागं सरकायचे, पायरीवर चढायचे, मगच ती उठायची. मला वाटायचं ती सुस्त आहे. बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं की मी पायरीवर चढेपर्यंत ती मुद्दाम थांबतेय. एकदा मी पायरीवर न चढता अर्ध्यात उभी राहिले, तर ती बसूनच राहिली. लाळेची तार जमिनीला लागली, घमेल्यातून वाफ निघतेय, तिचं नाक हलतंय, पण जागची हलली नाही. मी वर गेले. ती उठली.

माझ्या मनातला हिशेब तिथं पहिल्यांदा चुकला. गल्लीतलं ते तांबडं कुत्रं कधी काय करेल ते कळायचं नाही. हिचं तसं नव्हतं. एवढ्या मोठ्या अंगाला काहीही लपवता येत नाही. उठायचं झालं तर आधी पुढचे पाय ताणले जायचे, मग मान, मग मागचा भाग, या सगळ्याला सहज पाच-सहा सेकंद लागायची. घाबरणाऱ्या माणसाला पाच सेकंद खूप असतात.

ही जात मुळात रानडुकराच्या शिकारीची. नावात 'डेन' असलं तरी डेन्मार्कशी तिचं काही देणंघेणं नाही. जर्मनीत ती घडली, जर्मन लोक तिला डॉइचं डॉगं म्हणतात आणि त्यांचा या जातीचा क्लब १८८८ पासूनचा आहे. डुकराच्या सुळ्यानं कान फाटू नयेत म्हणून पूर्वी पिल्लांचे कान कापत. पुढं शिकार गेली तरी कापणं राहिलं. डच्चीचेही कान कापलेले होते. टोकाशी शिवणीसारखी एक बारीक गाठ होती, ती बोटाला लागायची. मी नंतर पाळलेल्यांपैकी कुणाचेही कान कापू दिले नाहीत. लोंबते कान असलेला ग्रेट डेन 'दिसायला पडतो' असं म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही.

टेकणं

वहीत ७ ऑगस्ट १९८७ ला एक ओळ आहे: 'रात्री गडगडाट. दिवे नाहीत. डचेस घरात घेतली.' एवढंच. त्या ओळीच्या आत काय झालं ते मलाच माहीत आहे.

दिवे गेले होते आणि विजा अगदी डोक्यावर कडाडत होत्या. ती परसदारी कण्हत होती, म्हणून अण्णांनी दार उघडलं. मी स्वयंपाकघराच्या त्याच चौकटीला पाठ लावून उभी होते, पेन्सिलच्या खुणांपाशी. अंधारात मला आधी तिचा वास आला, ओल्या गोणपाटासारखा. मग नखांचा शहाबादी फरशीवर टकटक आवाज. वीज चमकली तेव्हा तिचं डोकं माझ्या छातीपाशी होतं. ओरडायला तोंड उघडलं पण आवाज फुटेना. ती वळली, माझ्यापुढं आडवी उभी राहिली आणि तिनं आपली सगळी कूस माझ्या कमरेवर टेकवली. चाटलं नाही, पंजा दिला नाही. नुसती टेकली. ५२ किलो सावकाश माझ्यावर कललं आणि मी चौकट आणि कुत्री यांच्यामध्ये अडकले.

ती थरथरत होती. तिच्या बरगड्यांतली थरथर माझ्या मांडीत येत होती. मोठी वीज झाली की टेकणं वाढायचं, आवाज लांब गेला की किंचित कमी व्हायचं. मी किती वेळ तशी उभी होते माहीत नाही. पाय बधिर झाले. कधीतरी माझा हात तिच्या पाठीवर गेला असावा, कारण अण्णा कंदील घेऊन आले तेव्हा तो तिथं होता. अण्णांनी कंदील वर धरून आमच्याकडे पाहिलं आणि कंदील खाली ठेवून निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून मी काठी घेतली नाही.

ग्रेट डेन टेकतात, हे ही जात पाळणाऱ्या कुणालाही विचारा, तो हसून मान हलवेल. उभ्या माणसाला बाजूनं टेकून भार टाकायचा, ही त्यांची सवयच. दिवाणावर बसलेल्याच्या मांडीवर मागचा भाग ठेवून पुढचे पाय जमिनीवर, असेही बसतात. मला त्या रात्री हे ठाऊक नव्हतं. मला एवढंच कळलं की माझ्या दुप्पट वजनाचं जनावर माझ्याहून जास्त घाबरलंय, आणि घरात आजोबा, आजी, आई असताना आधाराला त्यानं मला निवडलंय. मला घट्ट धरून ठेवायची माणसं तोवर पुष्कळ होती. माझ्या आधारानं उभं राहिलेलं कुणी नव्हतं. आमचं प्रकरण सुरू झालं ते त्या चौकटीपाशी.

दोन महिन्यांचे चार झाले. दिवाळीत साहेबांचं पत्र आलं: क्वार्टर लहान आहे, तिकडं हवा मानवणार नाही, मास्तर तुम्हीच ठेवाल का. पत्र वाचून दाखवताना अण्णा घसा खाकरत होते. आजी म्हणाली, "न्यायला आले असते तर मीच दिली नसती." विटांच्या चुलीपलीकडे न जाणारी आजी तोवर रोज दुपारी तिच्या कोपरांना खोबरेल लावायला लागली होती. एवढं वजन कठीण फरशीवर टेकून टेकून कोपरांवर घट्टे येतात, राखाडी, हत्तीच्या कातडीसारखे. आजीनं पोत्यात भाताचा पेंढा भरून तिला गादी शिवली. तिच्या हाताला तेलाबरोबर कुत्र्याचे केस लागायचे आणि ती देवघरात जाण्याआधी दोनदा हात धुवायची.

रेल्वेच्या माणसांना या कुत्र्यांचं काय होतं कुणास ठाऊक. फार नंतर वाचलं की दक्षिण आफ्रिकेत सायमन्स टाउनला जस्ट न्यूसन्स नावाचा एक ग्रेट डेन खलाशांबरोबर लोकल गाडीनं केपटाउनपर्यंत फिरायचा. तिकीट नाही म्हणून गार्ड त्याला उतरवायचे. शेवटी ब्रिटिश आरमारानं त्याला १९३९ मध्ये रीतसर खलाशी म्हणून भरती करून घेतलं, म्हणजे फुकट प्रवासाची सोय झाली. तो १९४४ मध्ये, सातव्या वाढदिवसाला गेला. सात वर्षं. हा आकडा वाचून मी पुस्तक मिटलं होतं, कारण डच्चीलाही सात वर्षं पुरी व्हायचीच होती.

ती रात्र

मार्च १९९०. घरी काकाच्या साखरपुड्याचे पाहुणे होते. मी परीक्षेच्या अभ्यासात, त्यामुळे जेवण उशिरा शिजलं. वहीतल्या नोंदी इथं जशाच्या तशा देते. अण्णांचं अक्षर या पानावरही नेहमीसारखंच सरळ आहे.

'८.१५ खाल्लं. भूक मोठी, भराभर. पाणी पुष्कळ प्याली.'

'८.४० पाहुण्यांच्या मुलांबरोबर परसात धावली.'

'९.४० एका जागी बसत नाही. फिरते.'

'१०.०५ ओकारीचा प्रयत्न. काही पडत नाही. पुन्हा. पुन्हा. फेस फक्त.'

'१०.४० पोट फुगलेले.'

चाचा आवाज ऐकून आले होते. त्यांनी गुडघ्यावर बसून तिच्या डाव्या कुशीवर दोन बोटांनी टिचकी मारली. आयुष्यभर ज्या बोटांनी भोपळे तपासले तीच बोटं. तो आवाज मी लगेच ओळखला. पोकळ, ताणलेला. चाचा अण्णांकडे बघून हळू म्हणाले, "मास्तर, भोपळा वाजतोय."

पाहुण्यांमधले एक जण शेतकरी होते. बैलाचं पोट फुगलं की गोडं तेल पाजतात, हे आमच्या भागात लहान पोरालाही माहीत आहे. ओला घास किंवा कोवळी मेथी खाऊन जनावराच्या पोटात फेसाळ वायू धरतो, तेलानं तो फेस मोडतो. उपाय खरा आहे, कित्येक बैल त्यानं वाचलेत. '११.०० गोडे तेल पाव शेर.' तिनं ते घोटलं नाही. तोंडाच्या दोन्ही बाजूंनी सांडलं. मी तिचं डोकं धरलं होतं, माझे हात कोपरापर्यंत तेलानं माखले.

काका सायकल घेऊन गुरांच्या डॉक्टरांना उठवायला गेला. ते साडेबाराला आले. चांगला माणूस, एका हाकेत आले. त्यांनी पोटाला हात लावला, हिरड्या पाहिल्या. त्या पांढऱ्याफटक होत्या. म्हणाले, "हे बैलाचं पोट नाही. आत पीळ पडलाय. तेल खाली जायचं नाही आणि वारा वर यायचा नाही." त्यांनी जाड सुई कुशीत घातली. सायकलच्या व्हॉल्व्हसारखा फुस्स आवाज झाला, आंबूस वास सुटला, पोट थोडं उतरलं. तिनं श्वास सोडला आणि उठायचा प्रयत्न केला. आम्हाला वाटलं वाचली. डॉक्टरांनी मान हलवली. पोट उघडून पीळ सोडवायला हवा, आणि ते त्या रात्री मिरजेत होणार नव्हतं.

'२.१० झोपली आहे. श्वास जलद.'

झोपली नव्हती. मी भिंतीला पाठ लावून बसले होते आणि ती कशीबशी उठून, मागचे पाय ओढत माझ्यापर्यंत आली आणि टेकली. तेवढंच वजन, पण आता ती स्वतःला सावरत नव्हती.

'४.५० गेली.'

पुढच्या ओळीत अण्णांनी लिहिलंय: 'वजन केले नाही.'

नंतर काय कळलं

त्या रात्री आमच्याकडून काय चुकलं हे कळायला मला दहा-बारा वर्षं लागली. मी डॉक्टर नाही, पण या एका विषयावर मिळेल ते वाचलं. खोल आणि अरुंद छातीच्या मोठ्या कुत्र्यांचं पोट वायूनं फुगतं आणि स्वतःभोवती फिरतं. दोन्ही तोंडं आवळली जातात. फुगलेलं पोट मागच्या शरीरातून हृदयाकडे येणाऱ्या मोठ्या शिरेवर दाब टाकतं, रक्त परत येईनासं होतं आणि जनावर शॉकमध्ये जातं. बैलाच्या पोटफुगीशी त्याचं साम्य फक्त बाहेरून दिसणाऱ्या फुगण्यापुरतं. इथं मोजायचे ते तास, आणि उपाय शस्त्रक्रियेचा. पोटाचा घेर वाढण्याआधीची खूण म्हणजे पुन्हापुन्हा ओकारी येणं आणि काहीच न पडणं. ती अण्णांच्या वहीत १०.०५ ला लिहिलेली आहे. वाचता आली नाही, एवढंच.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठानं नव्वदच्या दशकात शेकडो मोठ्या कुत्र्यांचा मागोवा घेतला. ग्रेट डेन धोक्यात सगळ्यांत वर निघाला. धोका वाढवणाऱ्या गोष्टी वाचताना मी वही उघडी ठेवून एकेक जुळवत गेले: दिवसातून एकदाच मोठं जेवण, हो. भराभर खाणं, हो. वाढतं वय, हो. अन्नाचं भांडं उंचावर ठेवावं असा सल्ला त्या काळी सर्रास दिला जायचा. त्या अभ्यासात उंच भांड्यानं धोका वाढलेला दिसला. आमचं घमेलं जमिनीवर होतं. तेवढी एकच गोष्ट आमच्याकडून बरोबर झाली होती, तीही अजाणता.

तीन वर्षांनी, १९९३ मध्ये, पुण्याहून भीम आला, सात आठवड्यांचा. ग्रेट डेनचं पिल्लू जन्मताना अर्ध्या-पाऊण किलोचं असतं आणि वर्षभरात पन्नासाच्या वर जातं. एवढं वाढायचं तर हाडं मजबूत हवीत म्हणून येणारा-जाणारा सांगायचा, कॅल्शियम द्या. आम्ही दिलं, सकाळ-संध्याकाळ, चमच्यानं. चौथ्या महिन्यात त्याचे पुढचे पाय मनगटापाशी वाकायला लागले आणि तो लंगडायला लागला. खरं तर तोवर नेदरलंड्समधल्या युट्रेक्ट विद्यापीठात नेमक्या याच जातीच्या पिल्लांवर प्रयोग होऊन गेले होते: जास्तीचं कॅल्शियम मोठ्या माणसाच्या शरीरासारखं नाकारायची ताकद लहान पिल्लाच्या आतड्यात नसते, ते सगळं आत घेतं आणि हाडांची वाढ बिघडते. पिल्लू गुबगुबीत न ठेवता हळू वाढू द्यायचं, हे आम्हाला पुण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. कॅल्शियम थांबलं, खाणं बेतानं आलं. भीमचे पाय बरेचसे सरळ झाले, उजवा थोडा राहिला. तो सात वर्षं तसाच जरा आत टाकून चालला.

तिसरीला पुढच्या पायाच्या हाडाचा कॅन्सर झाला. चौथ्याचं हृदय वाढलं. दोन्ही या जातीत पुन्हापुन्हा दिसणारे आजार. आठ वर्षं मिळाली की आम्ही त्याला दीर्घायुष्य म्हणतो. कुणी हौसेनं फार्महाउसवर शोभेला ग्रेट डेन घ्यायचा म्हणतं, तेव्हा मी त्याला आधी हे सगळं सांगते. निम्मे लोक मग घेत नाहीत, आणि मला त्याचं समाधान वाटतं. या कुत्र्याला बाहेर गेटपाशी बांधून ठेवणं म्हणजे त्याला टेकायला माणूसच न ठेवणं.

एक गोष्ट राहिली. डच्ची गेल्यावर अण्णांनी आसामला पत्र लिहिलं. चार दिवस लागले त्यांना. त्याची कार्बन प्रत वहीच्या शेवटच्या पानाला टाचलेली आहे. त्यात दुःख वगैरे शब्द नाही. तारीख, वेळा, काय खाल्लं, किती वेळानं फुगलं, डॉक्टर काय म्हणाले, आणि शेवटी गणिताच्या मास्तरचा एक प्रश्न: 'तिच्या आईला किंवा भावंडांना कधी असे झाले होते काय? कळवावे.' हा प्रश्न त्यांना कसा सुचला देव जाणे. रक्ताच्या नात्यात हा त्रास झाला असेल तर पोराबाळांना धोका वाढतो, हे पर्ड्यूवाल्यांनी मांडलं त्याला अजून काही वर्षं होती.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. साहेबांनी लिहिलं होतं की डचेसची आई त्यांच्या मोठ्या भावाकडे होती, आणि ती सहाव्या वर्षी, रात्री जेवल्यावर, अशीच पोट फुगून गेली. सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

२०१९ मध्ये मी पाचवं पिल्लू बघायला गेले. अण्णा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. पैदासवाला पिल्लाची आजा-पणजाची प्रमाणपत्रं, बक्षिसांचे फोटो दाखवायला लागला. मी म्हटलं, हे नंतर, आधी हिची आई दाखवा, आणि आईची आई कशानं गेली ते सांगा. तो गोंधळला. आत जाऊन त्यानं कुणाला तरी फोन लावला. तेवढ्यात आई बाहेर आली, काळीभोर, लोंबत्या कानांची. माझ्याभोवती एक चक्कर मारली, वळली, आणि टेकली. फोन ठेवून तो आला, म्हणाला, म्हातारी नऊ वर्षांची होऊन झोपेत गेली. मग मी पिल्लू उचललं.

पुढं तिची पिशवी काढायची शस्त्रक्रिया झाली तेव्हाच डॉक्टरांकडून तिचं पोट आतून उजव्या बाजूच्या भिंतीला टाके घालून बांधून घेतलं. त्यानं फुगणं थांबत नाही, पीळ पडणं थांबतं. जेवण दिवसातून तीनदा, जमिनीवर, आणि नंतर दीड तास धावाधाव नाही. घर आता दुसरं आहे, पण मिरजेचं पाडताना ती चौकट मी काढून आणली. ती हिच्या खोलीत भिंतीला उभी आहे. गेल्या रविवारी उंची मोजून खूण केली: साडेतीस इंच, डच्चीच्या खुणेच्या अर्धा इंच वर.